हार घालण्याआधी

२१ जून, रात्र

आज ऑस्ट्रियाच्या शांततावादी लेखिका बर्था फॉन झुटनर यांची पुण्यतिथी. ही तारीख माझ्या डोक्यात पक्की बसली आहे ती पुढच्या आठवड्यामुळे. २१ जून १९१४ ला बाई गेल्या आणि २८ जूनला सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर गोळ्या झाडल्या गेल्या. जे होऊ नये म्हणून बाईंनी लेखणी झिजवली, युरोप-अमेरिकेत सभा गाजवल्या, ते पहिलं महायुद्ध त्यांच्या मागे पाच-सहा आठवड्यांत सुरू झालंच. त्या वर्षी व्हिएन्नात जागतिक शांतता परिषद भरायची होती, ती अर्थातच बारगळली. सुटल्या एकदाच्या, असं मनात येऊन जातं.

१९०५ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं, ते मिळवणारी पहिली स्त्री म्हणून आपण त्यांच्याबद्दल शाळेतल्या मुलांना सांगतो. व्यंगचित्रकारांनी त्यांची किती टर उडवली, ते सांगत नाही. ‘शांतीवाली बर्था’ म्हणून त्यांना हिणवायचे. तोच चेहरा आज ऑस्ट्रियाच्या दोन युरोच्या नाण्यावर आहे.

मला खटकतं ते हेच. शांततेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसांना आदरांजली वाहायची म्हटली की आपण आधी त्यांना निरुपद्रवी करून टाकतो. सौम्य हसरा फोटो, पांढरं कबूतर, दोन मिनिटं स्तब्धता. अरे, ही माणसं गप्प बसत नव्हती हाच तर त्यांच्याबद्दलचा सगळ्यात मोठा आक्षेप होता! त्यांच्या काळातल्या भल्याभल्यांना ती नकोशी झाली होती. तुमच्या-आमच्यासारख्या सज्जनांनाही.

जेनेट रँकिन यांचंच बघा. अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेली पहिली स्त्री. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, जपानविरुद्ध युद्ध पुकारण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात आला. बाजूने ३८८, विरोधात १. ती एक रँकिनबाई. निदान तटस्थ तरी राहा, म्हणून सहकाऱ्यांनी विनवण्या केल्या. बाई हलल्या नाहीत. मतदानानंतर लोक असे अंगावर आले की त्यांनी टेलिफोन बूथमध्ये शिरून दार लावून घेतलं आणि तिथूनच पोलिसांना फोन केला. साठी ओलांडलेली बाई, त्या काचेच्या खोक्यात, बाहेर संतापलेली गर्दी.

त्यांचं ते मत बरोबर होतं का? मला आजही ठामपणे हो म्हणता येत नाही. हिटलर समोर असताना युद्ध नको म्हणणं मला पेलत नाही. पण आदर करायला सहमती लागतेच असं कुठे आहे? १९१७ मध्येही त्यांनी युद्धाविरुद्धच मत दिलं होतं, आणि १९६८ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांच्या असताना, व्हिएतनाम युद्धाविरोधात वॉशिंग्टनमध्ये मोर्च्याच्या पुढे चालत होत्या. १९८५ पासून कॅपिटॉलमध्ये, म्हणजे तिथल्या संसदभवनात, त्यांचा पुतळा आहे. त्याखाली कोरलंय, ‘मी युद्धासाठी मत देऊ शकत नाही.’ तोच नकार, ज्याच्यापायी १९४१ मध्ये बूथमध्ये लपावं लागलं.

जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांची गोष्ट मात्र गिळवत नाही. जर्मनी पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह मोडून गुपचूप हवाई दल उभं करतोय, हे त्यांच्या साप्ताहिकाने १९२९ मध्ये छापलं. बातमी खरी होती. १९३१ मध्ये त्यांना लष्करी गुपितं फोडल्याबद्दल दीड वर्षाची कैद झाली, आणि ही शिक्षा देणारं कोर्ट नाझींचं नव्हतं, त्यांच्या आधीच्या प्रजासत्ताकाचं होतं. पळून जा म्हणून मित्र सांगत होते, हे गेले नाहीत. पुढे नाझींनी छळछावणीत टाकलं. १९३५ चं नोबेल त्यांना १९३६ मध्ये जाहीर झालं, ते घ्यायला ऑस्लोला जाऊ दिलं नाही. ४ मे १९३८ ला क्षयाने गेले.

१९९१ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या विद्यापीठाला रीतसर त्यांचं नाव मिळालं. त्यानंतर वर्षभराने, १९९२ मध्ये, जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तो जुना खटला पुन्हा चालवावा असा त्यांच्या मुलीचा अर्ज होता. तो फेटाळला गेला. म्हणजे नाव विद्यापीठाच्या दारावर आणि कोर्टाच्या दप्तरी माणूस दोषीच.

येत्या ४ मे ला त्यांच्याविषयी चार शब्द बोलायची वेळ आलीच, तर नोबेलचं नंतर सांगेन. आधी तो निकाल वाचून दाखवेन.