हिलो : जिथे समुद्राकाठी बिल्डिंगाच नाहीत

हवाईला जाणारे आपले लोक होनोलुलूचा बीच करतात, बिग आयलंडवर जाऊन ज्वालामुखी बघतात आणि कोनाच्या बाजूच्या रिसॉर्टमधे पडून राहतात. हिलो हे त्याच बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव, पण तिथे कोणी मुक्काम करत नाही, कारण तिथे पाऊस फार आणि म्हणावा तसा बीच नाही. आम्ही मुद्दाम हिलोलाच राहिलो, कारण मला तिथला जपानी लोकांचा बॉन डान्स, म्हणजे गेलेल्या माणसांसाठी करायचा नाच, बघायचा होता आणि नवऱ्याला म्युझियमं आवडतात, त्यामुळे भांडण न होता प्लॅन ठरला.

पहिल्यांदा खटकतं ते हे की गाव समुद्राला लागून आहे पण काठावर काहीच नाही. जुन्या दुकानांची एक रांग, मग रस्ता आणि त्याच्या पलीकडे नुसती हिरवळ, फुटबॉलची मैदानं, लांबलचक होड्या ठेवलेल्या शेड. अमेरिकेत समुद्रासमोरचा असा प्लॉट कोणी रिकामा सोडेल का? तर इथे एकेकाळी शिनमाची नावाची जपानी वस्ती होती, दुकानं, घरं, सगळं. 1 एप्रिल 1946 ला सकाळी अलास्काकडच्या अल्यूशियन बेटांजवळ झालेल्या भूकंपाची त्सुनामी आली आणि वस्ती धुऊन गेली. तारीख एप्रिल फूलची, त्यामुळे ओरडणाऱ्यांवर कित्येकांनी विश्वासच ठेवला नाही. हिलोत 96 माणसं गेली. रेल्वेपण त्या दिवशी संपली ती कायमचीच. तरी लोकांनी परत तिथेच घरं बांधली आणि मग 1960 आलं.

1960 ची गोष्ट आम्ही पॅसिफिक त्सुनामी म्युझियममधे ऐकली. हे म्युझियम एका जुन्या बँकेच्या इमारतीत आहे आणि बँकेच्या तिजोरीच्या खोलीत बसून फिल्म बघायची! चिलीत 22 मे ला 9.5 चा भूकंप झाला, आजवर मोजलेला सगळ्यात मोठा, आणि लाटांना हिलोला पोचायला जवळजवळ 15 तास लागले, म्हणजे वेळ भरपूर होता. रात्री साडेआठच्या सुमारास भोंगेही वाजले. पण भोंग्याचा नेमका अर्थ काय, आत्ता निघायचं की पुढच्या भोंग्याला, हेच अनेकांना कळलं नव्हतं, आणि काही जण तर लाट बघायला म्हणून खाली समुद्रावर गेले. मध्यरात्रीनंतर आधी छोट्या लाटा आल्या, लोकांना वाटलं झालं, एवढंच होतं. मग एक वाजून गेल्यावर ती मोठी आली. 61 माणसं गेली. त्याच लाटा पुढे जपानच्या किनाऱ्यावरही पोचल्या आणि तिथेही शंभरावर माणसं गेली, म्हणजे आजोबा जपान सोडून इकडे आले त्या घरांना दोन्हीकडून घोर. मला भिंतीवरचे वाचलेल्या लोकांचे अनुभव वाचायला खूप वेळ लागला, नवरा दोनदा बाहेर जाऊन आला.

यानंतर मात्र शिनमाची परत बांधली नाही. सरकारी ऑफिसं, दुकानं मागे भराव घालून उंच केलेल्या जागेवर नेली आणि पुढची जमीन मोकळी सोडली. तिथे आता वाइलोआ नदीकाठचा पार्क आहे, त्यात लाव्हा दगडाचं स्मारक आहे, बाजूला लोक गळ टाकून निवांत बसलेले असतात. कामेहामेहा रस्त्यावर हिलोच्याच वाइआकेआ भागातलं खांबावरचं घड्याळ आहे, 1960 च्या लाटेत पडलेलं ते परत उभं केलं पण काटे 1 वाजून 4 मिनिटांवरच ठेवले. फोटो सगळे घड्याळाचाच काढतात. माझं मत विचाराल तर खरं स्मारक ती रिकामी हिरवळ आहे, कारण घड्याळ लावायला खर्च येत नाही, समुद्रासमोरची जागा साठ वर्षं न विकणं याला खर्च येतो.

संध्याकाळी बॉन डान्स. जून ते ऑगस्ट हवाईतली बौद्ध देवळं आपापला वीकेंड वाटून घेतात, म्हणजे हौशी माणूस दर शनिवारी वेगळ्या देवळात नाचू शकतो. गेलेल्या माणसांचे आत्मे या दिवसांत घरी येतात अशी श्रद्धा, आणि त्यांच्यासाठी नाच, म्हणजे पितृपक्षात गरबा खेळल्यासारखं. देवळाच्या पार्किंगमधे मधोमध लाकडी मचाण, त्याला यागुरा म्हणतात, त्यावर मोठा ढोल, वरून कंदिलांच्या माळा आणि भोवती गोल करून नाचणारे, कोणी युकातात (उन्हाळ्यातला सुती किमोनो), कोणी हाप्पी कोटात (उत्सवाचं आखूड जाकीट), कोणी सरळ शॉर्ट आणि चपलांवर. ज्यांच्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल त्यांचा हा पहिला बॉन, त्याला जास्त महत्त्व.

मी कडेला उभी होते तर एक सत्तरीच्या आंटी (तिकडे मोठ्या बाईला सगळे आंटीच म्हणतात, घरच्यासारखं वाटलं) हात धरून आत घेऊन गेल्या. गाणं तांको बुशी, जपानी कोळशाच्या खाणीतलं. दोनदा फावडं मारायचं, कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा, कपाळावर हात धरून बघायचं, मग ढकलगाडी ढकलायची आणि टाळी. आंटी म्हणाल्या, पाय बघू नकोस, पुढच्या माणसाची पाठ बघ. ते जमलं. फुकुशिमा ओंदो मात्र जमलं नाही, ते लाइव्ह असतं, बासरी, ढोल, झांज आणि गाणारा, आणि वेग वाढतच जातो. ऊसमळ्यांवर फुकुशिमाहून आलेल्या मजुरांबरोबर आलेलं हे गाणं. मार्च 2011 मधे त्याच फुकुशिमावर त्सुनामी आली, ती लाट हवाईपर्यंत पोचली, कोनाच्या बाजूला हॉटेलांत पाणी शिरलं. आंटींना मी त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, त्या उन्हाळ्यात आम्ही हे गाणं जास्त वेळ वाजवलं. मग म्हणाल्या, आंदागी संपायच्या आधी लाइनीत उभी रहा. आंदागी म्हणजे ओकिनावाचे गोल तळलेले गोड वडे, गरम खायचे, गार झाल्यावर मजा नाही.

दुसऱ्या दिवशी लाउपाहोएहोएला गेलो, हिलोपासून गाडीने पाऊण तास. समुद्रात घुसलेलं काळ्या खडकांचं टोक. 1946 मधे इथे शाळा होती. समुद्र मागे हटला म्हणून पोरं तळ बघायला धावली. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून 24 गेले. दगडावर नावं आहेत, त्यांत जपानी आडनावं बरीच. शाळा नंतर वर डोंगरावर हलवली. तिथे आम्ही फार बोललो नाही.

जायचं असेल तर जून ते ऑगस्टमधे जा, देवळांचं वेळापत्रक आधी बघा, खाण्यासाठी सुटे डॉलर न्या आणि छत्री न्याच. सकाळी लिलिउओकलानी बागेत चक्कर मारा, जपानी बाग आहे, दगडी दिवे आणि तळी, समोरच समुद्र. आणि महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी 11:45 ला भोंगा वाजला तर ती टेस्ट असते, घाबरू नका. एरवी वाजला तर हॉटेलच्या दारामागे नकाशा लावलेला असतो, त्यात दाखवल्याप्रमाणे वर चढायला लागा.