ल्युसिड ड्रीमसाठी पडल्यावर डोळे स्वस्थ बसत नाहीत, तेव्हा

ल्युसिड ड्रीम म्हणजे ‘हे स्वप्न आहे’ असं स्वप्नातच कळणं. त्यासाठीची एक रीत अशी: झोप लागून पाचेक तास झाले की गजराने उठायचं, वीसेक मिनिटं जागं राहायचं आणि मग जाणीव शाबूत ठेवून पुन्हा झोपेत उतरायचं. पहाटेच्या झोपेत आरईएमचा, म्हणजे स्वप्नांचा, टप्पा लांबत जातो, म्हणून ही वेळ. मुंबईत साडेबाराला पडून सकाळची लोकल गाठणाऱ्यांनी हे रविवारवर ठेवावं. आणि पहाटे पाणी भरायची पाळी आपली असेल, तर त्या दिवशी हा उद्योग नकोच.

बहुतेकांचं घोडं अडतं ते डोळ्यांपाशी. पापण्या थरथरतात त्या बहुधा डोळे गच्च मिटल्यामुळे. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू ताणलेला राहतो आणि थकून फडफडायला लागतो. भुवयांच्या मध्ये बोट टेकवून बघा, आठी हाताला लागेल. डोळे थोडे उघडा, चार-पाच संथ श्वास घ्या आणि पापण्या आपसूक खाली येऊ द्या. बारीक फट राहिली तरी बिघडत नाही. पंख्याचा झोत तोंडावर नको, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा येत असेल तर डोळ्यांवर सुती ओढणी सैलसर टाका. घट्ट इलॅस्टिकची पट्टी बुबुळांवर दाबते, आणि त्या दाबाने दिसणाऱ्या ठिणग्यांना लोक स्वप्नाची सुरुवात समजतात!

बुबुळं फिरत राहणं हा वेगळा प्रकार. मिटल्या डोळ्यांपुढे रंग, आकृत्या तरंगतात आणि आपण त्या निरखायला जातो. नजर त्यांच्या मागे धावते, जाग वाढते. बुबुळं जबरदस्तीने एका जागी रोखून धरली तरी तेच होतं, कारण तोही ताणच. बघणंच सोडा. लक्ष कानाकडे न्या, पंख्याची घरघर ऐका, किंवा आपण दोरी ओढतोय अशी कल्पना करा; हात हलवायचे नाहीत, तळव्यांना फक्त खेच जाणवू द्यायची. झोप लागताना बुबुळं आपोआप संथपणे इकडून तिकडे सरकतात. ते सुरू झालं तर हात लावू नका, गाडी रुळावर आहे. मुद्दाम भराभर डोळे फिरवून आरईएम ‘आणता’ येतो हा मात्र भ्रम. त्याने झोप तेवढी उडते.

आरईएममध्ये अंगाचे बहुतेक स्नायू लुळे पडतात, डोळ्यांचे नाही. म्हणूनच 1975 मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांना, ल्युसिड ड्रीम पाहणाऱ्या ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातून डावी-उजवीकडे डोळे फिरवून दिलेली खूण यंत्रावर नोंदता आली. अर्थात स्वप्नातही एकाच गोष्टीकडे टक लावली की खरे डोळे थबकतात आणि स्वप्न विरायला लागतं. तळहात, जमीन, समोरची भिंत, अशी नजर खेळती ठेवा.

वीस-पंचवीस मिनिटांत काही जमलं नाही तर कूस बदलून सरळ झोपा. कॉन्टॅक्ट लेन्स रात्रीच काढलेल्या असाव्यात, हे वेगळं सांगायला नको. दिवसाही पापणी आठवडेच्या आठवडे लवत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.