वरंध चढू नका, उतरा

थंडीची चाहूल लागली की मला एक प्रश्न हमखास येतो: “वाई, भोर, महाड, महाबळेश्वर असा चार घाटांचा लूप सायकलवर एका दिवसात करायचाय. निघायचं कुठून आणि कुठल्या बाजूने?” तुम्हीही विचारलंत म्हणून या वेळी नीट बसून लिहिते.

वाईहून निघा. पहाटे चारला, मांढरदेवीच्या दिशेने. मांढरदेवीचा घाट चढून भोरला उतरायचं, नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेने वरंध घाट गाठायचा, तो उतरून कोकणात जायचं, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, आणि पसरणी घाटाने परत वाई. अंतर २०० किलोमीटरहून थोडं जास्त, एकूण चढ अडीच हजार मीटरच्या पुढेमागे.

उलट्या बाजूने गेलात तरी अंतर तेच, चढही जवळपास तेवढाच. म्हणून बरेच जण दिशेचा फारसा विचार करत नाहीत. मीही पहिल्या वेळी केला नव्हता. सकाळी सकाळी पसरणी चढले, पाचगणीला चहा घेतला, महाबळेश्वरहून आंबेनळी उतरले. पोलादपूरपर्यंत सगळं इतकं सुरेख चाललं होतं की मी वेळेच्या पुढे आहे असंच वाटत होतं. वरंधच्या पायथ्याला माझेरीत पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. वारा अजिबात नव्हता. डांबर तापलेलं, बाहीवर घामाचं मीठ पांढरं दिसत होतं, आणि बाटलीत उरलेलं दोन घोट पाणी प्यायला झाकण काढावं तर बोटांत ताकद नव्हती. एका घराच्या ओट्यावर आजी सुपात काहीतरी निवडत होत्या. त्यांनी काही न विचारता तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. “आधी गूळ खा, मग पी,” म्हणाल्या. तासभर मी त्या ओट्यावरच पडून होते.

त्या दिवशी वरंध चढून झाला, पण वरंध संपला म्हणजे घर आलं असं होत नाही. वर आल्यावर भोरपर्यंत धरणाच्या कडेचा चढउताराचा लांबच लांब रस्ता असतो, आणि नंतर अंधारात मांढरदेवी. मी भोरलाच थांबले.

वाईहून मांढरदेवीकडे निघालात की याच गोष्टी तुमच्या बाजूने येतात. मांढरदेवीचा चढ खडा आहे, पण तो ताज्या पायांनी आणि गार हवेत होतो. दुपार कोकणातच गाठते, ती काही चुकत नाही. पण तेव्हा पुढ्यात आंबेनळी असतो. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण ४० किलोमीटर, जवळजवळ समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरपर्यंत. आकडा ऐकून छाती दडपते, पण हा चढ लांब असला तरी सोसवणारा आहे, एकदा लय सापडली की पाय चालत राहतात. निम्म्या वाटेवर प्रतापगडाच्या पायथ्याचा वाडा लागतो, तिथे पाणी, ताक, भाकरी मिळते. तिथून पुढे झाडी दाट होत जाते आणि दर हजार मीटर उंचीला हवा साधारण सहा अंशांनी उतरते. वरंधला दमल्यावर दिलासा देणारं असं काही पुढे नसतं, आंबेनळीत ते मिळतं. जावळीचं हे खोरं अफझलखानाने १६५९ मध्ये वाईहून रडतोंडीच्या घाटाने उतरून गाठलं होतं. वाड्याला गडाकडे तोंड करून ताक पिताना मला दर वेळी ते आठवतं.

भोरहून वाईला यायला पुणे-सातारा हायवे सपाट आणि सोपा पडेल, मग मांढरदेवी कशाला, असंही विचारतात. पुण्याकडून येताना खंबाटकीचा घाट ट्रकच्या रांगेतून चढावा लागतो आणि वाईकडून जाताना बोगदा लागतो. त्या बोगद्यात सायकल घालू नका. एवढं माझं ऐकाच.

आता बाकीचं. पावसाळ्यात हा बेत आखूच नका. वरंध दरडींमुळे बंद ठेवतात, आणि २०२१ च्या जुलैमध्ये आंबेनळीही जागोजागी खचला होता. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हे दिवस उत्तम, फक्त नाताळचा आठवडा टाळा, पाचगणी ते महाबळेश्वर गाड्यांची रांग हलत नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी भोरच्या एसटी स्टँडवर महाडची गाडी सुटतेय का ते विचारा. सुटत असेल तर घाट चालू आहे. नकाशावरचा रस्ता मला याबाबतीत दोनदा चुकीचा निघालाय.

गिअर हलका हवा. पुढचं चक्र ३४ दातांचं, आणि मागच्या कॅसेटमधलं, म्हणजे चक्रांच्या संचातलं, सगळ्यात मोठं निदान ३२ दातांचं. आंबेनळीत शेवटी शेवटी गुडघे वाचतात ते यानेच. वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी थांबून चहा-भजी खा, आणि खाली निघण्याआधी ब्रेकपॅड तपासा. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यावर दाबणारे, असतील तर ते सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी जोरात दाबायचे, मग सोडायचे. मी उतारावर मुद्दाम मध्येच थांबून रिमला बोट लावून बघते. चटका बसला तर पाच मिनिटं उभी राहते. माझेरीत तर थांबतेच. त्या ओट्यावर आजी असल्या तर दोन शब्द बोलते, वाईचे पेढे देते.

बिरवाडीवरून मुंबई-गोवा हायवेला लागलात की डावीकडे पोलादपूर. तेवढा पट्टा मान खाली घालून काढा, तिथे बघण्यासारखं काही नाही आणि ट्रक फार. पोलादपूरला दोन्ही बाटल्या भरा, शिवाय एक जास्तीची जर्सीच्या खिशात ठेवा.

आणि घड्याळ वाड्याला बघा. तीनच्या आत पोचलात तर महाबळेश्वरला उजेडात चढाल. तिथून पुढचा पट्टा संधिप्रकाशात, दिवे लावून होतो, आणि डावीकडे धोम धरणाचं पाणी दिसत असतानाच पसरणी उतरून होईल. चार वाजून गेले असतील तर तसा हट्ट करू नका. महाबळेश्वरला खोली घ्या, गरम पाण्याने पाय धुवा, आणि पसरणी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरा.