मोहोर कुठे आहे?

धर्मभगिनी म्हणून टांझानियातल्या इरिंगात गणित शिकवायला आल्यावर पहिले अकरा आठवडे मी वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून काढले. शिकवायची परवानगी नव्हती. गणिताचा तास तसाच जायचा. मुली आपापसांत उदाहरणं सोडवायच्या, अडल्या की मागे वळून माझ्याकडे बघायच्या आणि मी मान खाली घालायचे. परमिट हातात नसताना खडू उचलणं म्हणजे कायदा मोडणं, आणि त्याची झळ माझ्या एकटीला नाही, अख्ख्या मिशनला लागली असती. दोन वर्षं झाली, तरी तो बाक आठवला की जीव तुटतो. इकडे शिकवायला येणाऱ्या सिस्टर, फादर किंवा प्रापंचिक शिक्षकांवर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

बाकीचं सगळं सुरळीत झालं. ई-व्हिसा, आमच्या धर्मभगिनींच्या मंडळाचं पत्र, बिशपांचं पत्र, प्रवास, यांत सांगण्यासारखं काही नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: साधा व्हिसा ९० दिवसांचा असतो आणि त्यावर काम करता येत नाही, फुकट शिकवलं तरी ते कामच. मी आता कोणालाही सांगते, परमिट मंजूर झाल्याशिवाय विमानात बसू नका. आम्ही घाई केली. शाळा जानेवारीत सुरू होते, पहिल्या दिवसापासून वर्गात असावं, एवढाच विचार त्यामागे होता.

इथे दोन वेगळे परवाने लागतात, कामाचा आणि राहण्याचा. २०१५ च्या कायद्याने कामाच्या परवान्याचे ए ते ई असे पाच वर्ग केले. विज्ञान-गणिताचे शिक्षक बी वर्गात येतात आणि नोंदणीकृत धार्मिक व सेवाभावी कामात असलेले डी वर्गात. मी गणित शिकवणारी सिस्टर, म्हणजे दोन्हींकडची. आमच्या प्रमुख सिस्टरनी, म्हणजे सुपीरियरनी, डी ठरवला, कारण मला नेमणारं मिशन आणि अर्ज करणारंही मिशनच. राहण्याच्या परवान्यात मिशनऱ्यांसाठी सी वर्ग आहे. हे अर्ज भरण्याआधी ठरवा आणि सगळ्या कागदांवर एकच लिहा. एका पत्रात ‘शिक्षिका’ आणि दुसऱ्यात ‘धर्मसेविका’ असं झालं की प्रश्न सुरू होतात.

मी अडकले ती माझ्या नावापाशी.

पासपोर्टवर माझं नाव आणि आडनाव. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. मंडळाच्या पत्रात ‘सिस्टर’ लावून धर्मभगिनीची व्रतं घेताना मिळालेलं नाव. आपल्याकडे ही तिन्ही एकाच बाईची, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. राजधानी डोडोमातल्या एका कार्यालयातल्या खिडकीवर मात्र कारकुनाने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि शांतपणे विचारलं, “या तिघीजणी कोण?”

त्या कार्यालयाचं नाव मी घेणार नाही, आणि त्या माणसाबद्दल माझ्या मनात आज रागही नाही. टांझानियात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आजोबांचं नाव असा क्रम असतो. आमच्या प्रमाणपत्रात आजोबा कुठेच नव्हते, आई शेवटी होती आणि पहिलं नाव प्रत्यक्षात आडनाव होतं. त्याला शंका आली हे बरोबरच होतं. राग मला दुसऱ्याच गोष्टीचा येतो. चार त्रुटी होत्या आणि त्याने त्या चार फेऱ्यांत सांगितल्या, दर वेळी एक.

इरिंगाहून डोडोमा साधारण २६० किलोमीटर. पहाटेची बस डोंगरावरून खाली उतरते, म्तेरा धरणाच्या भिंतीवरून पलीकडे जाते, मग उकाडा सुरू होतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाओबाबची झाडं लागतात. पहिल्या खेपेला मी खिडकीला नाक लावून ती बघितली. पुढच्या खेपांना मांडीवरच्या फाइलवरून हात उचलला नाही.

पहिल्या फेरीत कळलं, प्रतिज्ञापत्र करा. केलं. इथले वकीलच नोटरीचं काम करतात. त्यांनी तिन्ही नावं जशीच्या तशी लिहून ‘ही एकच व्यक्ती’ असं शपथेवर घेतलं. दुसऱ्या फेरीत कारकुनाने ते पान उलटलं, मागची पानं उलटली आणि म्हणाला, “मुहुरी उको वापी?” शिक्का कुठे आहे? वकिलांचा शिक्का शेवटच्या पानावर होता, कारकुनाला तो प्रत्येक पानावर हवा होता. मूळ कागदांच्या नकलांवरही हवा होता.

मुहुरी म्हणजे आपली मोहोर. नाकाला म्हणजे नक्कल. साहिही म्हणजे सही. वाकिली म्हणजे वकील. हे शब्द अरबी-फारसीतून त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. त्या खिडकीवर मला स्वाहिली जेमतेम येत होती, पण कचेरीतले शब्द सगळे ओळखीचे निघाले, आणि त्याचा मला फार आधार वाटला. फक्त एक शब्द ऐकून डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, “सुबिरी.” सबुरी. थांबा.

तिसरी फेरी वेळेच्या घोळात वाया गेली. “सा न्ने”ला या, असं सांगितलं होतं. न्ने म्हणजे चार, म्हणून मी दुपारी चारला पोचले. खिडकी बंद. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, जशा पूर्वी आपल्या घटका मोजत. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, म्हणून “सा न्ने” म्हणजे सकाळचे दहा. कोणी वेळ सांगितली की त्यात सहा तास मिळवा, किंवा सरळ “असुबुही?”, म्हणजे सकाळी का, असं विचारून घ्या. मला हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री डोडोमातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये मुक्काम केला आणि सकाळी दहाला पुन्हा उभी राहिले. तेव्हा कळलं की मंडळाच्या पत्रावर माझं पासपोर्टवरचं नावही हवं. ते पत्र दुसऱ्या देशातून पुन्हा सहीनिशी मागवायचं होतं.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी खूप चिडले होते, देवावरसुद्धा. व्हिसाचे दिवस बोटांवर मोजत होते. नोव्हेंबरात फॉर्म फोरची, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षाची, राष्ट्रीय परीक्षा, आणि त्या वर्गाला जानेवारीपासून गणित नाही.

नवं पत्र यायला सोळा दिवस लागले. चौथ्या फेरीत त्याने पत्र वाचलं आणि चौथी त्रुटी काढली: प्रतिज्ञापत्रातल्या पासपोर्ट क्रमांकात एक अक्षर चुकलं होतं. ही चूक आमची. वकिलांनी टाइप केलं आणि मी न तपासता सही केली. या वेळी मात्र मी खिडकी सोडली नाही. रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “कुना कितु किंगिने किनाचोकोसेकाना?” आणखी काही कमी आहे का? तो थांबला, पूर्ण फाइल पहिल्यापासून चाळली आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं की आणखी काही नाही. हे वाक्य मी पहिल्याच दिवशी म्हटलं असतं तर निदान दोन फेऱ्या वाचल्या असत्या. तुम्ही पाठ करा आणि उत्तर लेखी घ्या.

पाचव्या फेरीत काम झालं. राहण्याचा परवाना आला तेव्हा व्हिसा संपायला नऊ दिवस उरले होते.

आता आठवतील तशा काही गोष्टी. सरकारी फी कोणाच्या हातात रोख देऊ नका. प्रत्येक भरण्याला कंट्रोल नंबर मिळतो, त्या क्रमांकावर बँकेतून किंवा मोबाइलवरून पैसे भरायचे आणि पावती जपायची. खिडकीवरचा माणूस वयाने मोठा असेल तर आधी “शिकामो” म्हणा. अर्थ आपल्या ‘पाया पडते’च्या जवळचा आहे. उत्तर “माराहाबा” येतं आणि पुढचं बोलणं मऊ होतं. कागद प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये आणू नका, त्या पिशव्यांवर इथे १ जून २०१९ पासून बंदी आहे, कापडी पिशवी घ्या. नैरोबी किंवा आदिस अबाबाला १२ तासांपेक्षा जास्त थांबणार असाल तर पीतज्वराच्या लसीचं कार्ड जवळ ठेवा. आणि निघण्याआधी, घरी असतानाच, तुमची सगळी नावं लिहून एक प्रतिज्ञापत्र करून घ्या. पासपोर्ट क्रमांक एक-एक अक्षर बोट ठेवून तपासा.

त्या बाकावरून मला एक गोष्ट दिसली, ती वर्गापुढे उभी राहून दिसली नसती. इथे सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि माध्यमिक एकदम इंग्रजीत. फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाच्या, मुलीला त्रिकोण पक्का माहीत असतो, ‘पेंबेतातू’ म्हणून. पेंबे म्हणजे शिंग किंवा कोपरा, तातू म्हणजे तीन. फळ्यावर ‘ट्रँगल’ लिहिलं की तिची वही थांबते. मी मागे बसून असे शब्द टिपत गेले. दुपारी स्वयंपाकघरात उगालीसाठी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसाठी, पाणी तापत असताना तिथल्या मावशींकडून त्यांचे उच्चार सुधारून घेतले. पहिल्या दिवशी फळ्याच्या डाव्या बाजूला ते सगळे शब्द लिहिले, उजव्या बाजूला इंग्रजी. आजही तसंच लिहिते.

फॉर्म फोरसाठी रोज रात्रीच्या जेवणानंतर एक तास जादा घेतला, थेट ऑक्टोबरपर्यंत. निकालात त्या वर्गातली एकही मुलगी गणितात नापास झाली नाही. मला त्याचा अभिमान वाटतो.

कामाचा परवाना दोन वर्षांचा असतो. गेल्या महिन्यात नूतनीकरणाला गेले तेव्हा तीच फाइल नेली, प्रत्येक पानावर मोहोर असलेली. खिडकीवर दुसराच माणूस होता. त्याने तिन्ही नावं वाचली, प्रतिज्ञापत्र बघितलं आणि फाइल आत घेतली. दुपारची बस मिळाली. अंधार पडायच्या आत मी इरिंगात होते, आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला तास माझाच होता.