स्ट्रॉबेरीच्या पेटीखालची समई

नाझर हा कोर्टातला कर्मचारी, तो न्यायनिवाडा करत नाही. समन्स बजावणाऱ्या बेलिफांना कामं वाटून देणं, कोर्टात भरलेल्या रकमांचा हिशेब, खुर्च्या-कपाटांचं डेडस्टॉक रजिस्टर आणि मुंबईहून उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आले की त्यांची गाडी, मुक्काम, जेवण हे त्याच्याकडे असतं. माझी नोकरी सातारा जिल्ह्यात याच कामात गेली. न्यायमूर्ती दौऱ्यावर आले की त्यांच्यामागोमाग काय काय येतं, हे नाझराइतकं जवळून दुसरं कुणी पाहत नाही.

स्ट्रॉबेरीचे दिवस होते. पालक न्यायमूर्ती, म्हणजे आमच्या जिल्ह्यावर देखरेख असलेले उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, वार्षिक तपासणीला आले होते. ते सकाळीच कोर्टात गेले आणि मी दुपारच्या जेवणाचं बघायला विश्रामगृहावर आलो. व्हरांड्यात कंदी पेढ्यांचे खोके, कुणाची तरी डायरी-कॅलेंडरं आणि भिंतीला लागून स्ट्रॉबेरीच्या पेट्यांची चळत. चौकीदार म्हणाला, पाचगणीकडची गाडी आली होती, साहेबांच्या ओळखीतले आहेत म्हणाले.

पेट्या आत घ्यायला लागलो तर सगळ्यात खालची फळांच्या मानानं फारच जड. उघडली. कागदाच्या कातरणांत चांदीच्या दोन समया आणि एक पैठणी. पैठणीवर चिठ्ठी, ‘वहिनींसाठी’. खाली नाव.

ते नाव मला माहीत होतं. अपील शाखेत असताना याच माणसाच्या जमिनीच्या दाव्याचं रेकॉर्ड गठ्ठ्यात बांधून मी मुंबईला रवाना केलं होतं. त्याचं प्रथम अपील अजून उच्च न्यायालयात पडून होतं.

साहेबांच्या पीएसना, म्हणजे स्वीय सचिवांना, बोलावून दाखवलं. गृहस्थ चांगले होते. त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच म्हणाले, “भाऊसाहेब, साहेब हे घेणार नाहीतच. ड्रायव्हरबरोबर गुपचूप परत पाठवून द्या. त्यांच्या कानावर घालायचीही गरज नाही.”

पाठवणाऱ्याचे मॅनेजर अजून आवारातच होते. त्यांना विचारलं तर ते मोकळेपणानं हसले. “आवो नाझरसाहेब, दादांचं नि साहेबांचं लई जुनं हाय. एका होस्टेलात होते दोघं. घरच्यावानी हाय ते. त्यात कसली लिहापढी?”

गुपचूप परत पाठवायला मी नकार दिला. पीएसना वाटलं, मी उगीच प्रकरण वाढवतोय. माझं म्हणणं साधं होतं. वस्तू आली हे चौकीदारानं पाहिलं, मॅनेजरनं पाहिलं, गाडीच्या ड्रायव्हरनं पाहिलं. ती परत गेली हे कोण सांगणार? उद्या त्या अपिलाचा निकाल कुठल्याही बाजूनं लागो, पाचगणीत कुणीतरी म्हणणारच की साहेबांना समया पोचल्या होत्या. ते खोटं आहे, हे दाखवायला साहेबांकडे एक चिठोरं नसेल. आणि ज्या शेतकऱ्याविरुद्ध ते अपील होतं, त्याला तर यातलं काहीच कधी कळणार नाही. परत करण्यानं न्यायमूर्तींचं मन साफ राहतं. समोरच्या पक्षकाराच्या हातात मात्र काहीच पडत नाही.

आमच्या कोर्टात तुटक्या खुर्चीलाही नंबर असतो. मुद्देमालातल्या गंजलेल्या कोयत्याची नोंद असते, आलेल्या प्रत्येक टपालाचा आवक क्रमांक असतो. न्यायमूर्तींच्या दाराशी आलेल्या भेटवस्तूंची वही मात्र मी माझ्या सगळ्या नोकरीत कुठे पाहिली नाही. म्हणून एका कोऱ्या तावावर मी यादी केली. काय आलं, कुणाकडून, किती वाजता, कुणी ठेवून घेतलं. पेढे लिहिले, डायऱ्या लिहिल्या, आदल्या संध्याकाळी वकील संघानं सत्कारात दिलेली शाल आणि नारळसुद्धा लिहिला. पीएस म्हणाले, “अहो, शाल तर सगळ्यांदेखत दिली.” सगळ्यांदेखत दिली म्हणूनच ती लिहायला काहीच अडचण नव्हती. लिहायला जड जावी अशी वस्तू कुठली, ते यादी करतानाच कळतं.

संध्याकाळी साहेब आले. पेट्या मी दाराआड ठेवल्या होत्या, यादी हातात दिली. त्यांनी उभ्यानंच वाचली. समयांपाशी थांबून नाव पाहिलं.

“हा माझ्या होस्टेलमधला. खोलीला खोली लागून होती आमची.”

पीएस लगेच म्हणाले, “मग सर, मित्राकडूनच आहे.”

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, हे सांगितलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी ७ मे १९९७ रोजी न्यायिक जीवनमूल्यांचा सोळा कलमी ठराव केला. उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींनीही तो मानला आहे. त्याचं दहावं कलम म्हणतं की न्यायमूर्तींनी भेटवस्तू किंवा पाहुणचार स्वीकारू नये. अपवाद कुटुंब, जवळचे नातेवाईक आणि मित्र. मित्र म्हणजे कोण, याची व्याख्या नाही. मित्राकडून घेतलेलं कुठे जाहीर करा, असंही त्यात म्हटलेलं नाही.

साहेब खुर्चीवर बसले. म्हणाले, “दहाव्या कलमासाठी तो माझा मित्र असेल, तर सातव्यासाठीही आहे.” सातवं कलम सांगतं, ज्या प्रकरणात कुटुंबीय, जवळचा नातेवाईक किंवा मित्र गुंतलेला आहे ते प्रकरण न्यायमूर्तींनी ऐकू नये. मग त्यांनी स्टेनोला बोलावून उच्च न्यायालयाचं प्रशासन पाहणाऱ्या रजिस्ट्रार जनरलच्या नावे पत्र सांगितलं. वस्तूंचं वर्णन, परत करण्याचा आदेश, अपिलाचा तपशील, ते आपल्यापुढे कधीही लावू नये ही सूचना आणि पत्राची माहिती अपिलातल्या दोन्ही बाजूंना मिळावी ही विनंती. माझी यादी पत्राला जोडली. मला म्हणाले, “नाझर, परत करताना पोच घ्या. पोच नसेल तर परत केलं असं मी समजणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बेलिफाला घेऊन पाचगणीला गेलो. दादा बाहेर आलेच नाहीत. मॅनेजर म्हणाले, दिलेलं परत घेणं अपशकुनाचं आहे, सही करणार नाही. मी सांगितलं, समन्स घ्यायला कुणी नकार दिला तर बेलिफ दोन पंचांसमोर तसं लिहून आणतो, इथंही तेच करू, आणि तो कागद मुंबईला जाईल. मग सही झाली. स्ट्रॉबेरीसकट सगळं उतरवून आम्ही परतलो.

साताऱ्यात न्यायाची गोष्ट निघाली की रामशास्त्री निघतात. ते इथल्याच माहुलीचे. पेशव्यांच्या वाड्यातून त्यांची पत्नी दागिन्यांनी मढून परत आली तेव्हा ही पालखी आमच्या घरची नव्हे, असं त्यांनी म्हटल्याची आख्यायिका वकील संघाच्या समारंभात मी अनेकदा ऐकली आहे. ऐकताना आजही ऊर भरून येतो. पण पक्षकारानं आपला न्यायमूर्ती रामशास्त्री निघेल या आशेवर का बसावं?

खालच्या कोर्टात आम्ही या आशेवर बसत नाही. मी कारकून असल्यापासून वर्तणूक नियमांत बांधलेलो होतो. १९७९ च्या त्या नियमांत भेटवस्तूंचा स्वतंत्र नियम आहे. जिल्हा न्यायाधीशांवर उच्च न्यायालयाचा थेट शिस्तीचा अधिकार चालतो. डिसेंबर २०२४ मध्ये साताऱ्यातल्याच एका जिल्हा न्यायाधीशांवर लाचेचा गुन्हा नोंदवला गेला आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं त्यांना सेवेतून काढलं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. ते तसं अवघड असणं मला योग्यच वाटतं, सरकारच्या मर्जीवर न्यायमूर्ती राहू नयेत. पण काढणं इतकं अवघड असेल तर सांगणं सोपं आणि सक्तीचं हवं.

१९९५ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांना राजीनामा द्यावा लागला, तो परदेशी प्रकाशकाच्या मोठ्या मानधनावरून वकिलांनी उठवलेल्या आक्षेपांमुळे. त्या वर्षांत आमच्याकडेही वकिलांच्या खोलीत त्याचीच चर्चा असायची आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असायचा. २००८ मध्ये चंदीगडला १५ लाख रुपयांची पिशवी न्यायमूर्ती निर्मलजीत कौर यांच्या घरी येऊन पडली. त्यांनी तिथल्या तिथे पोलिसांना बोलावलं, म्हणून ते प्रकरण कागदावर आलं. ती रक्कम ज्यांच्यासाठी होती असा आरोप झाला, त्या दुसऱ्या न्यायमूर्ती २०२५ मध्ये निर्दोष सुटल्या. कागद होते, म्हणून आरोपाची शहानिशा झाली आणि सुटकाही निकालानं झाली. नाहीतर जन्मभर नुसती कुजबुज मागे राहिली असती.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्तींच्या मालमत्तेची विवरणं संकेतस्थळावर टाकली. चांगलं झालं. पण मालमत्तेच्या विवरणात महाबळेश्वरच्या बंगल्यातला फुकटचा मुक्काम दिसत नाही, लग्नातली खास गाडी दिसत नाही, खाऊन संपलेल्या पेट्या दिसत नाहीत.

हे आता लिहितोय ते कोल्हापूरमुळे. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथं मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे फिरत्या खंडपीठाचं, काम सुरू झालं आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याला जोडले गेले. त्यासाठी आमच्या वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली ते मी पाहिलंय. गरीब पक्षकाराची मुंबईची खेप वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. पण सांगलीहून कोल्हापूर तासा-दीड तासाचं. मुंबईत न्यायमूर्ती गर्दीत हरवतात, इथं त्यांचे वर्गमित्र, सोयरे, गाववाले सगळे जवळ असणार. लग्नं, वास्तुशांती, हुरडा, स्ट्रॉबेरी, द्राक्षं, बेदाणे, गूळ. बहुतेक सगळं खऱ्या प्रेमानं येईल आणि त्यातल्या कुणाचं ना कुणाचं प्रकरण बोर्डावर असेल.

तिथं एक वही ठेवावी, पहिल्या पानापासून कुणालाही मागून बघता येईल अशी. रकाने मी आजही सांगू शकतो. तारीख, वस्तू किंवा पाहुणचार, देणाऱ्याचं नाव, न्यायमूर्तींशी नातं, देणाऱ्याचं प्रकरण प्रलंबित आहे का, ठेवून घेतलं की परत केलं, आणि परत केलं असेल तर पोच क्रमांक.