त्रिमूर्ती नगरचं घर, नोंद पाचवी: अर्धी गच्ची पांढरी, अर्धी तशीच

नवतपा संपला एकदाचा. उन्हाळ्यातल्या या सगळ्यात कडक नऊ दिवसांत दुपारी कुठल्याच कामाला हात लावायचा नाही असं घरात ठरलं होतं, त्यामुळे जे झालं ते संध्याकाळी. तरी मागच्या नोंदीपेक्षा बरंच पुढे आलोय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: १९८१ मध्ये बाबांनी बांधलेलं घर, नुसता तळमजला, भार घेणाऱ्या विटांच्या भिंती, वर साडेचार इंची स्लॅब, साधारण ९०० फूट. वर मजला चढवला नाही, म्हणजे उन्हाळ्यात आम्ही थेट तव्याखाली राहतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा आईने रात्री गादीवर ओली चादर अंथरली होती. दहा मिनिटांत वाळली.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. "दादा, खर्च करायचाच तर दिसेल असा कर," हे त्याचं म्हणणं. फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे पॅनेल, मॉड्युलर किचन. उद्या घर विकायचं ठरलं तर किंमत यायला हवी. मलाही ते पटत होतं. पण फेब्रुवारीत टॉप-अप कर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला आणि माझं गणित फिरलं. त्याने टेप लावून बांधकाम मोजलं, वर्ष विचारलं, मंजूर नकाशा मागितला, आरएल पत्र (भूखंड नियमित झाल्याचं नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर) आणि घरटॅक्सची पावती पाहिली. मागे मोकळ्या सोडायच्या मार्जिनच्या जागेत टाकलेली पत्र्याची खोली नकाशात नाही, म्हणून ती त्याच्या हिशेबातही आली नाही. मी कौतुकाने हॉलचा नवा रंग दाखवायला गेलो, तर म्हणतो, "छान आहे, पण याचा कॉलम नाही माझ्याकडे."

तर ज्यांच्याकडे नकाशा आणि आरएलची प्रत नाही त्यांनी पॅनेलच्या आधी तिकडे बघा. या नोंदीत त्याबद्दल एवढंच.

आता गच्ची.

आधी गळतीचं सांगतो, कारण मी तिथे दोन वर्षं मूर्ख बनलोय. हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात छताला डाग होता. दोन पावसाळ्यांपूर्वी एका ठेकेदाराने सगळ्या स्लॅबवर 'केमिकल' मारून दिलं, तोंडी दहा वर्षांची गॅरंटी. पुढच्या श्रावणात डाग आणखी पसरला आणि ठेकेदाराचा फोन लागेना. या वेळी आधी शोधायचं ठरवलं. गच्चीवरच्या पन्हाळीच्या पाइपाच्या तोंडात पोत्याच्या कापडाचा बोळा कोंबला, कडेने माती लिंपली आणि दोन इंच पाणी कोंडलं. (दोन इंचांवर जाऊ नका. तेवढ्या पाण्याचाच भार चौरस मीटरला ५० किलो होतो, आणि आपल्या स्लॅबचं वय आपल्याला माहीत आहे.) कठड्याला खडूने पाण्याची रेघ मारून ठेवली. खाली छतावर डागाच्या कडेने पेन्सिल फिरवून तारीख लिहिली.

दोन दिवस कोपरा कोरडा ठणठणीत. मी जवळजवळ हार मानली. तिसऱ्या दिवशी सकाळी बोळा काढला, पाणी पाइपातून गडगडत गेलं, आणि चहा होईपर्यंत खाली डाग ओला! म्हणजे स्लॅब निर्दोष होता. पाइप जिथे स्लॅबमधून आरपार जातो तो सांधा गळत होता. पाणी कोंडलेलं असताना ते तिथे पोचतच नव्हतं. तळहाताएवढ्या जागेसाठी मी ९०० फुटांना केमिकल पाजलं होतं.

पाइपाभोवती फोडून नवा तुकडा बसवला, पॉलिमर घातलेला मसाला भरला, वर फायबरची जाळी आणि कडेला गोलाई. मजुरीसह १४०० रुपये. आता खरी परीक्षा पावसाची.

त्यानंतर चुना. यात मला सगळ्यात जास्त मजा आली आणि सगळ्यात जास्त शिव्याही बसल्या.

३५ किलो कळीचा चुना इतवारीतून आणला. कळीचा चुना विरवताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी फुटते, शिंतोडे उडतात, डोळ्यांवर चष्मा हवाच. प्लास्टिकचं टोपलं वापरू नका, वाकतं. मी जुना लोखंडी ड्रम घेतला. एक दिवस-रात्र मुरू दिला, धोतराच्या कापडातून गाळला, ताकाइतका पातळ केला आणि धरून राहावा म्हणून दोन किलो फेविकॉल घातला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्साहाच्या भरात दुपारी दोन वाजता पहिला हात मारायला चढलो. आई खालून ओरडतेय, "अरे बाप्पा, उन्हात कायले चढला तू? संध्याकाळी नाही होत का?" मला वाटलं, ऊन जितकं कडक तितका चुना लवकर वाळेल, तितकं बरं. वाळला ना! अर्ध्या तासात. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर अनवाणी चाललो तर तळपाय पांढरे आणि मागे पावलांच्या जागी करडा कोबा उघडा. हाताने पुसलं की पिठासारखा निघत होता.

कारण नंतर समजलं. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून परत दगड होतो, आणि त्यासाठी त्याला काही दिवस ओल लागते. मी ओलच पळवून लावली होती. सगळं झाडून काढलं. मग सहानंतर आधी कोबा भिजवला, पाणी चमकणं थांबलं की पातळ हात मारला, दुसऱ्या संध्याकाळी दुसरा. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पंपाने फवारा. आता खरवडलं तर नखाला लागतो, पायाला नाही. दुरुस्तीच्या पॉलिमरच्या जागेवर मात्र चुना धरत नाही, तिथे पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह पेंट मारला.

मुद्दाम अर्धीच गच्ची केली. हॉल आणि आईच्या खोलीवरची पांढरी, स्वयंपाकघर आणि आमच्या खोलीवरची तशीच. एकाच दिवसाचे आकडे मिळावेत म्हणून. घरात यावरून काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही. बायकोचं एकच वाक्य सांगतो: "म्हणजे प्रयोग आमच्या डोक्यावर."

बंदुकीसारखा लेझरचा तापमापक आणलाय त्याने घेतलेले आकडे, बाहेर साधारण ४४ असतानाचे. दुपारी तीनला उघडा कोबा ६२, चुन्याचा ४५. खालून छत, संध्याकाळी चारला: उघड्या बाजूला ३९, पांढऱ्या बाजूला ३६. पण खरा फरक रात्री आठला कळतो. स्लॅब दिवसभर प्यायलेली धग काही तास उशिरा खाली सोडतो, म्हणून आपल्याकडे ऊन उतरल्यावरच खोली जास्त तापते. आठ वाजता आमच्या खोलीचं छत ४१, आईच्या खोलीचं साडेछत्तीस. त्या रात्रीपासून आम्ही दोघं हॉलमध्ये झोपतोय. प्रयोग पूर्ण झाला असं मी जाहीर केलंय.

चुन्याचा सगळा खर्च ३८०० च्या आत, मजुरी शून्य. पावसाळ्यात चुना धुपणार, दर मार्चमध्ये परत मारावा लागणार हे मान्य. चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) जास्त टिकेल, पण त्याचं वजन या स्लॅबवर इंजिनीअरला दाखवल्याशिवाय टाकणार नाही.

आता किंमतीबद्दल. मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेजारचं घर दाखवायला एक ब्रोकर गिऱ्हाईक घेऊन आला होता. उन्हाने कावलेले, पाणी प्यायला आमच्याकडे आले. नवरा-बायको हॉलमध्ये उभे. बाईंनी वर बघितलं आणि विचारलं, "वर मजला नाही ना? मग एवढं गार कसं?" एसी बंद होता. मी गच्चीवर नेऊन दाखवलं. ब्रोकर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणतो, "भाऊ, तुमचं काढायचं असलं तर मेमध्येच दाखवा." भावाला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आणि फॉल्स सीलिंग?" फॉल्स सीलिंग केलं असतं तर कोपऱ्यातला डाग झाकला गेला असता, गळती चालूच राहिली असती आणि खोलीची उंची आठ इंचांनी गेली असती. पंखा डोक्यावर आला असता तो वेगळाच.

फरशी. जुनी दहा बाय दहाची करडी मोझॅक, काळे-पांढरे दाणे. मिस्त्री म्हणाला, "साहेब, कायले घासत बसता, वरून टाइल्स टाकून देऊ ना." वरून टाइल्स टाकल्या की दारं खालून तासावी लागतात, आणि काळ्या मातीवरचं घर असल्याने दरवर्षी पाया थोडा फुगतो-बसतो. व्हिट्रीफाइड फरशी अशा हालचालीला दाद देत नाही, सांध्यातून उचलते. मी घासाईच घेतली. ६० नंबरच्या दगडापासून ३२० पर्यंत, मध्ये पांढऱ्या सिमेंटची रंग मिळवलेली पेस्ट भरून चार दिवस मुरवली, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर. फुटाला २८ रुपये पडले; टाइल्सचं कोटेशन ११५ होतं. चिखल एवढा होतो की सामान आधीच हलवा आणि मोरीत तो चिखल अजिबात सोडू नका, पाइप जाम होतो. (होय, अनुभव.) आता त्या फरशीवर काळे दाणे असे उठून दिसतात की आलेला प्रत्येक जण आधी खाली बघतो.

दारांचं काम रेंगाळलंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. सगळी दारं सागवानी, लकडगंजातून बाबांनी स्वतः निवडून आणलेलं लाकूड. वाळवीने चौकटीशेजारचा प्लायचा कप्पा खाल्ला, चौकटीला दात लागला नाही. त्यावर ४० वर्षांचे ऑइलपेंट. भारतात घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमवर आणणारा नियम २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं आहे असंच धरून चालायचं. कोरडा सँडपेपर नाही, जाळणं नाही. पेंट रिमूव्हर लावून ओलं खरवडायचं, खाली जुने पेपर, तोंडावर चांगला मास्क, मुलं घरात नसताना.

आईच्या खोलीचं दार खरवडत होतो. वरचा क्रीम निघाला, खाली आकाशी, त्याखाली पिस्ता. आई लांब दारात खुर्ची टाकून बसली होती. पिस्ता दिसल्याबरोबर म्हणाली, "हा ताईच्या लग्नातला. तुझ्या बाबांना हिरवा पाहिजे होता, पेंटरनं हा मारून दिला. दोन दिवस बोलले नाही ते कोणाशी." त्याखाली तपकिरी वार्निश आणि मग लाकूड. बिजागरीजवळ हातभर पट्टीत मी चारही थर तसेच ठेवलेत. पॉलिशवाल्याने विचारलं, हे राहिलं का? म्हटलं, राहू दे.

कूलर. आपल्याकडे बहुतेक घरांत कूलर चालतो आणि खिडक्या बंद असतात, मग "उकडून राहिलं" म्हणून ओरडा. कूलर आत ढकलतो तेवढी हवा बाहेर जायला वाट हवी. एसी बसवताना २००७ मध्ये मी दारांवरचे झरोके प्लायने बंद केले होते, ते परत उघडले, आतून जाळी लावली. कूलर भिंतीबाहेर स्टँडवर, वर छोटा पत्रा, म्हणजे वाळ्यावर थेट ऊन नाही. मेमध्ये हवा कोरडी असते तोवर उत्तम. पाऊस सुरू झाला की हाच कूलर शत्रू, तेव्हा झरोके आणि पंखा.

सोलरचं फक्त ठरलंय. तीन किलोवॅट, केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपयांचं अनुदान. माझी एकच अट आहे, स्ट्रक्चर आठ फूट उंच हवं. खाली आईचे पापड-कुरड्या वाळायला जागा उरते आणि पॅनेलची सावली स्लॅबवर पडते ती फुकटात. उरलेली अर्धी गच्ची त्यासाठीच चुन्याविना ठेवलीय, असं मी घरात सांगतो.

आज संध्याकाळी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं, चार थेंब पडले, मातीचा वास आला आणि गेलं. मृग दोन-तीन दिवसांवर आहे. पाइपाच्या तोंडावरची जाळी साफ करून ठेवलीय. हॉलच्या कोपऱ्यातली पेन्सिलची रेघ आणि फेब्रुवारीची तारीख तशीच आहे. तेवढ्या जागेला रंग लावू दिलेला नाही.