ओव्हरक्लॉक केलं तर कार्ड जळेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ग्राफिक्स कार्डाचा वेग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकचा, हा प्रश्न सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे येतोच. विचारतो मुलगा, पण उत्तर ऐकायला मागे वडील उभे असतात, कारण कार्डाचे पैसे त्यांनी भरलेले असतात.

आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉकची, म्हणजे वेगाची, पट्टी पुढे सरकवून कार्ड सहसा जळत नाही. किती व्होल्टेज द्यायचं याची वरची हद्द कंपनीने कार्डाच्या बायोसमध्येच (कार्डात कायम साठवलेल्या प्रोग्राममध्ये) घालून दिलेली असते. आकडा जास्त झाला तर चित्रावर ठिपके नाचतात, गेम बंद पडतो, स्क्रीन क्षणभर काळी होते. चिपने दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं, तेवढंच. 'काका, कार्ड गेलं' असे फोन बहुतेक वेळा याच क्षणी येतात.

खरा प्रश्न मिळतं काय, हा आहे. २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० या कार्डासोबत एनव्हिडियाने जीपीयू बूस्ट आणलं. तेव्हापासून तापमान, वॅट आणि व्होल्टेज बघून चिप स्वतःच वेग वाढवते. आरटीएक्स ३०६० या कार्डाचा जाहीर बूस्ट, म्हणजे वाढीव वेग, १७७७ मेगाहर्ट्झ, पण हवा नीट मिळाली तर ते १९०० च्या आसपास पळतं. त्यावर तुम्ही आणखी शंभर चढवलेत तर वाढ झाली पाच टक्के. साठ फ्रेमच्या त्रेसष्ट. तेवढ्यासाठी पंख्यांचा घरघराट कोण ऐकणार?

त्यात मी नागपूरचा. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आणि हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. (कॅबिनेट कुलरच्या तोंडासमोर ठेवणारे महाभाग आहेत. तुषार आत जातात हो!) म्हणून मी उलटं करायला सांगतो: व्होल्टेज कमी करा. चिपचा वीजखर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.०५ व्होल्टवरून ०.९० वर आलात तर नुसत्या त्या वर्गामुळेच खर्च एक चतुर्थांशाहून जास्त उतरतो. वेग मात्र जवळपास तोच राहतो.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-वेगाचा आलेख उघडतो. ३०६० असेल तर ९०० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झवर आणायचा, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच उंचीला सपाट करायचे. प्रत्येक चिप वेगळी असते. तुमची अडखळली तर पंधरा-पंधरा मेगाहर्ट्झने खाली या. मग सुपरपोझिशन हा कार्डाची चाचणी घेऊन स्कोअर देणारा प्रोग्राम चालवा, आणि त्यानंतर तुमचा सगळ्यात जड गेम तासभर. फरमार्क या कार्ड तापवणाऱ्या चाचणीवर विसंबू नका. त्यात कार्ड वॅटच्या मर्यादेला आपटून वेग स्वतःच खाली आणतं, त्यामुळे वरच्या वेगाची परीक्षा होतच नाही. विंडोजबरोबर सेटिंग आपोआप लागू होण्याचं बटण आठवडाभर तरी दाबू नका, म्हणजे गडबड झाली तर रीस्टार्ट करून सुटका.

कार्डावरच्या मेमरीचा वेग वाढवण्याचं प्रकरण फसवं आहे. ३०८० सारख्या कार्डांवरची जीडीडीआर६एक्स मेमरी चूक सापडली की तोच डेटा पुन्हा पाठवते. काहीच बंद पडत नाही, नुसता स्कोअर घसरतो. आकडा वाढवून स्कोअर कमी आला तर मागे फिरा.

आणि हे सगळं एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, चांगला असेल तरच. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर माझा काडीचा विश्वास नाही. कार्डाआधी तो बदला. बायोस फ्लॅश करून, म्हणजे जुन्याच्या जागी दुसरा चढवून, वॅटची मर्यादा उठवायची असेल तर तिथे मघाचं 'सहसा जळत नाही' मी मागे घेतो, वॉरंटीचंही विसरा. त्याबद्दल विचारायचं असेल तर आधी वडिलांना विचारून या.